समाप्तनंतरचं रीळ

पडद्यावर ‘समाप्त’ची पाटी आली आणि तो पुढच्या दृश्याची वाट पाहत बसला. पाटी इंग्रजीत होती, वळणदार अक्षरांत, मागे धुकं आणि धुक्यात लहान होत जाणारी बोट. व्हायोलिनं चढत गेली, थांबली, पडदा काळा झाला. त्याने हेडफोन नीट बसवले, खुर्ची थोडी पुढे ओढली. आता दार उघडेल, नायिका आत येईल, दोन्ही हातमोजे काढून टेबलावर ठेवेल आणि वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता तिचा नवरा म्हणेल, ‘सूप गार होतंय.’ पडदा काळाच राहिला. मग एक छोटी चौकट आली आणि यंत्राने त्याला अदबीने विचारलं, पुन्हा पाहायचं आहे का? त्याने पुन्हा पाहिलं. बोट, धुकं, एका हातात मोजा घातलेली आणि दुसरा हात उघडा असलेली नायिका, तिकीटवाला, पाटी, काळोख. त्याच्या छातीत डाव्या बाजूला, शर्टाचा खिसा असतो तिथे, काहीतरी बारीक फडफडायला लागलं. त्याने खिशात हात घालून पाहिलं. पेन होतं.

परभाषेतल्या सिनेमांना खाली आपल्या भाषेतल्या ओळी देणं हे त्याचं काम. जास्तीत जास्त दोन ओळी, त्याही आखूड. प्रेक्षकाने वाचून मान वर केली की नटीचा चेहरा अजून शिल्लक असला पाहिजे. काव्यशास्त्रावर प्रबंध लिहायला घेतलेला माणूस या कामाला अगदी योग्य, कारण प्रबंध पुरा झाला नव्हता. हा सिनेमा हॉलिवूडचा, आजोबांच्या जमान्यातला, एका गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला. वकील नवऱ्याची बायको एका पियानोवाल्याच्या प्रेमात पडते, एवढीच गोष्ट. जुनी प्रत कुठल्याशा संग्रहालयाने धुऊनपुसून नवी केली होती आणि त्याच्या ऑफिसने ती रविवारी एका सभागृहात दाखवायची ठरवली होती. काम आल्याबरोबर तो इतका हरखला, की त्याने स्वतःहून मागून घेतलं. सूपचं दृश्य त्याने कालच केलं होतं. ‘थंड होतंय’, ‘निवतंय’, ‘गार होतंय’ यांत अर्धी दुपार घालवून ‘गार होतंय’वर तो स्थिरावला होता, कारण त्यात संसार होता. मात्र हे दृश्य शेवटी यायचं ते बोटीच्या आधीच आलेलं पाहून त्याला संग्रहालयवाल्यांची कीव आली होती, आणि थोडा आनंदही झाला होता. त्याने वरिष्ठांसाठी टिपण ठेवलं होतं : ‘शेवटच्या दोन रिळांची अदलाबदल झाली आहे. कृपया कळवणे.’

त्याची वरिष्ठ म्हणजे त्याच्या मुलीच्या वयाची एक मॅडम. ती काचेच्या दारातून आत डोकावली.

“सर, तुमची ती चिठ्ठी. मी विचारून घेतलं त्यांना.”

“मग? ओशाळले असतील.”

“नाही हो. बरोबर आहे म्हणाले. मूळ पटकथा आहे त्यांच्याकडे. ती आधी घरी येते, मग बोटीवर जाते, संपलं.”

“संपल्यावर काय येतं?”

“संपल्यावर काय येणार सर?”

“सूप,” तो म्हणाला.

“तुम्ही जेवलात का?” मॅडमने मायेने विचारलं.

तो जेवला नव्हता, पण प्रश्न तो नव्हता. मॅडम गेल्यावर त्याने पंख्याचा वेग वाढवला, कमी केला. काचेवर त्याचं प्रतिबिंब होतं आणि प्रतिबिंबाच्या पोटातून मॅडमची पाठ दूर जात होती. ज्या काळात तो सिनेमा त्याने पाहिला त्या काळात फिल्म सोसायटी नावाची एक संस्था असे. तीत कवी, बँकवाले, दंतवैद्य आणि लग्न न जमलेले लोक महिन्यातून एकदा जमून ज्यांत काही घडत नाही असे सिनेमे पाहत, आणि नंतर ते का घडलं नाही यावर चर्चा करत. सिनेमे पत्र्याच्या गोल डब्यांतून येत. त्या संध्याकाळी प्रोजेक्टर चालवणारा नेहमीचा ऑपरेटर आजारी होता आणि त्याने मेहुण्याला पाठवलं होतं. एवढं आता, इतक्या वर्षांनी, काचेतल्या स्वतःकडे पाहताना त्याला आठवलं. मेहुण्याच्या अंगातला पिवळा स्वेटरसुद्धा आठवला. बोट गेली, पाटी आली, लोकांनी रुमाल काढले. त्यानेही काढला, चष्मा गुडघ्यावर ठेवून रुमालात तोंड खुपसलं. आणि तेवढ्यात पाटीच्या मागून पुन्हा सिनेमा सुरू झाला. दार, हातमोजे, सूप. मग चिटणिसांनी, म्हणजे सोसायटीच्या चिटणिसांनी, अंधारात पहिली टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळं सभागृह उसळलं. ‘समाप्त’ म्हणून सांगूनही जो सिनेमा थांबत नाही, असा सिनेमा त्यांनी पाहिला नव्हता. कादंबरीकाराने बाईला बोटीवर नेऊन सोडलं, चिटणीस नंतर म्हणाले, त्यांनी ती कादंबरी वाचलेली होती. दिग्दर्शकाने तिला घरी आणलं, आणि तेही शेवट झाल्यावर! कारण जगणं शेवटानंतर सुरू होतं! बोटीवर तिच्या एका हातात मोजा नव्हता आणि घरी आली तेव्हा दोन्ही हातांत होते. यावर औषधशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी सोसायटीच्या मासिकाच्या पुढच्या अंकात ‘हातमोजा आणि काळ’ असा लेख लिहिला. तो लेख पुढे दुसऱ्या एका मासिकाने साभार छापला. मेहुण्याला कुणी काही विचारलं नाही. टाळ्या ऐकून त्याला काय वाटलं असेल? रीळ चुकीचं लागलंय हे त्याला कळलं असेल, तर तो घाबरून गप्प बसला असेल. कळलं नसेल, तर तो त्या सभागृहातला एकटाच निष्पाप माणूस होता.

या सगळ्याचं हसू यायला हवं होतं. ऑफिसातल्या कुणाला सांगितलं असतं तर हसलंही असतं. पण त्या संध्याकाळी त्याची बायको त्याच्याबरोबर आली नव्हती, वेगळी आली होती, आणि वेगळ्या रांगेत बसली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती मोठ्या बहिणीकडे राहायला गेली होती. ताईला बरं नाही, हे कारण. ताई इतकी ठणठणीत होती, की त्याच आठवड्यात तिने शिडीवर चढून स्वतःच्या घराला रंग दिला. बायको एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, अजूनही तपासते. त्या दुकानात भिंगांच्या कंपनीचा एक विक्रेता येत असे. मखमलीच्या पेटीतून एकेक भिंग काढून लांब बोटांनी उजेडात धरत असे आणि शीळ घालत असे. त्याची बदली समुद्रापलीकडे झाली होती. यापलीकडे त्याला काहीच ठाऊक नव्हतं. भांडी घासताना बायको एक चाल गुणगुणायची, ती त्याने दुकानात भिंगवाल्याच्या तोंडून शिळेत ऐकली, एवढाच काय तो पुरावा. तोही त्याला सुरांची जाण यथातथाच असल्यामुळे कच्चा. त्याने विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. ती बॅग भरत होती तेव्हा तो तिला म्हणाला होता, “स्वेटर घे, ताईकडे गार असतं.” पुढे कित्येक वर्षं हे वाक्य त्याला आंघोळ करताना आठवे आणि तो अंगावर भसाभस पाणी ओतून घेई.

आणि मग तो सिनेमा. तिच्या डोक्याचा मागचा भाग त्याला पाचसहा रांगा पुढे दिसत होता, शेजारी ताईचा. पियानोवाला पडद्यावर आला की त्या डोक्याकडे पाहायचं, वकील आला की आपल्या बुटांकडे, अशी त्याने पहिली दोन रिळं काढली. वकील त्याच्यासारखाच होता. चांगला होता, जेवताना वर्तमानपत्र वाचायचा, आणि कुठल्याही प्रेक्षकाला त्याच्यापाशी राहावंसं वाटलं नसतं. बोट निघाली तेव्हा आपण संपलो असं त्याला वाटलं. रुमालातून तोंड वर काढलं तर समोर दार उघडत होतं. ती परत आली होती! पाटीला, व्हायोलिनांना, कादंबरीकाराला न जुमानता ती परत आली होती आणि सूप अजून टेबलावर होतं. आयुष्यात देवाला त्याने फारसा त्रास दिला नव्हता, पण त्या क्षणी तो हॉलिवूडला हात जोडायला तयार होता. चर्चा सुरू व्हायच्या आत तो बाहेर आला तर बायको व्हरांड्यात पोस्टरखाली उभी होती, खांद्याला बॅग, हातात घडी केलेला स्वेटर. ताई कुठे दिसत नव्हती. “चल,” बायको म्हणाली. दोघं घरी आले. वाटेत ती एकदाच बोलली, “शेवट काय होता रे!” त्यावर तो “हो ना,” म्हणाला. संसार त्या दोन वाक्यांवर उभा राहिला. पुढे मुलगी झाली, घर मोठं घेतलं, दोघांचे गुडघे दुखायला लागले, आणि कुठेही सिनेमाचा विषय निघाला की बायको म्हणायची, “आम्ही एक सिनेमा पाहिला होता, तसा शेवट पुन्हा पाहिला नाही.” ती हे म्हणाली की त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी खाली उतरे. जणू दर काही महिन्यांनी ती त्याच्या नेमणुकीची मुदत वाढवून देत होती. पण आता कळत होतं, की नेमणुकीचा हुकूम पिवळ्या स्वेटरातल्या एका मेहुण्याने चुकून काढला होता. ती चूक रविवारी दुरुस्त होणार होती, दुरुस्त प्रतीसह, पहिल्या खेळाला, सपत्नीक.

घरी आला तेव्हा बायको फोनवर मुलीशी बोलत होती, फोन ओट्यावर, आवाज घरभर. “बाबा आले बघ. विचार त्यांनाच, पास मिळाले का.”

“बाबा, तो तुमचा सिनेमा ना?” मुलगी फोनमधून ओरडली. “आईने इथेसुद्धा सगळ्यांना सांगून ठेवलंय. शेवट काय असतो हो त्याचा? ती सांगतच नाही. म्हणते, बघशील तेव्हा कळेल.”

“विसरलो मी,” तो म्हणाला.

“विसरले म्हणे!” बायको हसली. “रडून रडून डोळे सुजले होते त्यांचे.”

फोन बंद झाल्यावर त्याने मोजे काढता काढता विषय काढला. “अगं, रविवारी मला ऑफिसचं काम निघेल बहुतेक.”

“तुझ्या ऑफिसनेच तर लावलाय सिनेमा.”

“जुने सिनेमे आता बघवत नाहीत पण. मागे तो एक लावला तर तू झोपलीस.”

“तू झोपलास. मी तुझं घोरणं ऐकत जागी होते.”

“तिथल्या खुर्च्या फार वाईट आहेत. तुझी कंबर—”

“अरे, तुला जायचं नाही का?” तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. “तुझा चेहरा असा का झालाय? डोळे दुखतायत का? उद्या दुकानात ये, नंबर बघते. किती वर्षं तीच काच घालून फिरतोयस.”

दुसऱ्या दिवशी तो गेला. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत तिने त्याला उंच खुर्चीत बसवलं आणि त्याच्या नाकावर तो जड, गोल खाचांचा तपासणीचा चष्मा ठेवला. समोर अक्षरांचा तक्ता. ती एक भिंग खाचेत सरकवायची, काढायची, दुसरं सरकवायची. तिचा श्वास त्याच्या कानशिलाला लागत होता. “आता बरं, की मघाशी?” तिने विचारलं. हा प्रश्न ती दिवसभर अनोळखी माणसांना विचारते, आणि त्याला मात्र तो प्रत्येक वेळी नवा वाटतो. मघाशी म्हटलं आणि चूक निघाली तर? आता म्हटलं आणि तिला मघाचंच हवं असलं तर? “सारखंच,” तो म्हणाला. तिने भिंग बदललं. “आता?” “सारखंच.” “सारखं नसतं रे कधी.” ती कंटाळून म्हणाली. “सगळी माणसं इथे येऊन परीक्षेला बसतात. ही परीक्षा नाही. दिसतं ते सांग.” “तुझ्या मते काय बरं आहे?” “माझ्या मताला काय करायचंय? डोळे तुझे आहेत.” बाहेर दुकानात कुणीतरी शीळ घालत होतं. त्याची मान आपोआप वळली आणि नाकावरचा चष्मा घसरला. दुकानातला नवा पोऱ्या होता, फरशी पुसत होता. बायकोने त्याची हनुवटी धरून मान पुन्हा तक्त्याकडे वळवली. तिची बोटं थंड होती. नंबर वाढला होता, पण किती, ते त्याच्या उत्तरांवरून ठरवता येईना.

शुक्रवारी त्याने शेवटच्या दृश्याच्या ओळी लिहायला घेतल्या. त्या दृश्यात बोलणं असं नव्हतंच. तिकीटवाला विचारतो, जाऊन-येऊन? नायिका उघड्या हाताने केस मागे सारते आणि म्हणते, वन वे. मग पाटी. तो बराच वेळ त्या दोन शब्दांकडे पाहत बसला. ‘फक्त जाण्याचं.’ अक्षरं मर्यादेत, वाचायला सोपं, अर्थाला धरून. त्याने ते टाईप केलं, ते पडद्याच्या तळाशी उमटलं आणि त्याला अंधाऱ्या सभागृहात शेजारच्या खुर्चीत बसलेल्या एका बाईचा चेहरा दिसला. ती ते वाचत होती. वाचता वाचता मागची सगळी वर्षं एकेक करून उलगडून पाहत होती, जशी गिऱ्हाइकं दुकानात गॅरंटीचं कार्ड उलगडून पाहतात. आपण कशासाठी परत आलो? ती बाई तर परत आलीच नव्हती. मग आपल्याला कुणी सांगितलं होतं यायला? त्याने ओळ पुसली. ‘जाऊन-येऊन द्या.’ हेही मर्यादेत बसत होतं. बोटीवर चढताना परतीचं तिकीट काढणं यात तसं वावगं काय होतं? सुज्ञ माणसं काढतातच. पुसलं, पुन्हा लिहिलं. तपासणीला एक मुलगी होती, ती ऱ्हस्वदीर्घ आणि ओळींची लांबी पाहायची. अर्थ पाहणं तिच्या कामात धरलेलं नव्हतं. संध्याकाळी तिने निरोप पाठवला, ‘सर, एकही चूक नाही.’ पेन खिशात ठेवताना त्याला जाणवलं, की त्या पिवळ्या स्वेटरवाल्याने जे अजाणता केलं ते आपण समजून-उमजून, ऑफिसच्या वेळेत, पंख्याखाली बसून केलं.

रविवारी सभागृह भरलं होतं. जुन्या सोसायटीतले जे उरले होते ते काठ्या टेकत आले होते. चिटणीस पुढच्याच रांगेत. त्यांच्या दाढीचं आता काहीच वाकडं करता येणार नाही इतकी ती पांढरी झाली होती. बायकोने ठेवणीतला कोट घातला होता. ती त्याच्या शेजारी बसली, बॅग मांडीवर घेतली, चष्मा पुसला, घातला, आणि पुढे दोन तास पडद्यावरून नजर हलवली नाही. त्याने दोन तास तिच्यावरून हलवली नाही. सिनेमा त्याने तिच्या काचांवर पाहिला, उलटा, नखाएवढा. सूपचं दृश्य आलं तेव्हा ती एकदम पुढे वाकली. भुवया वर गेल्या. संशय आला, त्याने मनाशी म्हटलं. क्रम बदललाय हे तिच्या लक्षात आलं. मग टेबलाखाली पडलेला एक मोजा दिसला, दिवा मालवला गेला, आणि सकाळ झाली ती बोटीवर. तिकीटवाला आला. जाऊन-येऊन? नायिकेने केस मागे सारले आणि तिचा आवाज, नव्या यंत्रांनी धुऊन काढलेला, इतकी वर्षं खरखरीखाली दबलेला आवाज, सभागृहाच्या कानाकोपऱ्यात घंटेसारखा गेला : वन वे. खाली त्याची ओळ होती : जाऊन-येऊन द्या. बायकोच्या काचांवर ती नखाएवढी ओळ उलटी उमटली आणि विझली. बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दिवे लागताच चिटणीस उठले. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, पण त्यांना कधीच सांगावं लागत नसे. “मित्रांनो, परतीचं तिकीट!” ते काठी उंचावून म्हणाले. “ती जाते, पण परतीचं तिकीट काढून जाते! तेव्हाच्या प्रतीत दिग्दर्शकाने परत येणं दाखवलं होतं. या प्रतीत त्याने ते फक्त सुचवलंय. केवढा हा संयम!” मागून एक तरुण मुलगा उठला. “पण सर, ती वन वे म्हणाली.” चिटणीस क्षणभरही डळमळले नाहीत. “तोच तर ताण आहे! कान एक सांगतो, डोळा दुसरं!” टाळ्या पडल्या. जुनी मंडळी डोळे पुसत होती. अशा लोकांसमोर माणसाला साधी लबाडीसुद्धा धडपणे करता येत नाही. बायको उठली होती. “चल,” ती म्हणाली. तोच शब्द, तोच आवाज, की थोडा वेगळा? तो तिच्यामागून चालत राहिला. रस्त्यावर दिवे लागत होते. ती भरभर चालत होती आणि काही बोलत नव्हती, तिची टाच फुटपाथच्या प्रत्येक फरशीवर स्वतंत्र वाजत होती. ताई आता नव्हती. म्हणजे ती कुणाकडे जाईल? मुलीकडे. मुलीच्या शहरात गार असतं. स्वेटर घे असं म्हणायचं नाही, काही झालं तरी ते म्हणायचं नाही, असं तो स्वतःला बजावत राहिला. जिने चढताना ती मधल्या मजल्यावर दम घ्यायला थांबली तेव्हा तोही दोन पायऱ्या खाली थांबला. दारापाशी पोचल्यावर ती वळली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

“तिकीट तू बदललंस,” ती म्हणाली.

“कुठलं तिकीट?”

“ऐकू येतं मला अजून. ती म्हणाली एक आणि खाली भलतंच. कुणासाठी केलंस?”

“लोकांना बरं वाटावं म्हणून.”

“लोकांना.” ती म्हणाली. “इतका आवडायचा मला तो शेवट. वाट लावलीस त्याची.”

“मी कुठे लावली? संग्रहालयवाल्यांनी क्रमच बदलला. म्हणजे, आपल्या वेळी चुकला होता. शेवटी सूप होतं ना?”

“शेवटी बोट होती.”

“बोटीनंतर. पाटीनंतर. ती परत येते, हातमोजे काढते—”

“ते होय!” तिचा चेहरा खरोखरच उजळला. “ते मी आज पहिल्यांदा पाहिलं. केवढी दचकले! मधे एकदा ती परत आली होती हे मला माहीतच नव्हतं. पाटी आली की मी उठले होते रे. ताईला बसची घाई होती, तिला पुढे पाठवलं आणि बाहेर उभी राहिले. तुम्ही सगळे आत काय करत होतात मला कळेना. टाळ्या काय ऐकू येत होत्या!”

त्याने कठडा धरला. जिन्यात शेजाऱ्यांच्या भाजीचा वास होता आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत होतं. तसा शेवट पुन्हा पाहिला नाही, असं ती लग्नकार्यांत, पाहुण्यांसमोर, मुलीच्या मैत्रिणींसमोर म्हणत आली होती, आणि तो प्रत्येक वेळी समाधानाने मान हलवत आला होता. ती बोटीबद्दल बोलत होती. इतकी वर्षं एकाच ताटाला बसून दोघं दोन वेगळ्या शेवटांचं कौतुक करत होते. तिला आवडत होती ती निघून गेलेली बाई, उघड्या हाताची, धुक्यातली. खिशाखाली पुन्हा ते फडफडू लागलं. आजवर जे विचारलं नव्हतं ते तोंडातून निसटलं तेव्हा त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

“मग तू घरी का आलीस?”

“सिनेमा संपला होता,” ती म्हणाली. “सिनेमा संपल्यावर माणूस घरी जातो.”

“थट्टा नको गं.”

“थट्टा नाही.” तिने बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. “बाहेर उभी होते ना, तेव्हा पहिली काही मिनिटं आपण कुणाची वाट बघतोय हे माझं मलाच कळत नव्हतं. खरंच सांगते. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. मग दार उघडलं आणि तू बाहेर आलास, नाक लाल, चष्मा हातात, कुणालातरी शोधत. तेव्हा कळलं.”

“आणि मी आलो नसतो तर? तो—म्हणजे दुसरं कुणी आलं असतं तर?”

ती पुढे झाली, त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, कोटाच्या अस्तराने दोन्ही काचा पुसल्या, उजेडात धरून पाहिल्या आणि परत त्याच्या नाकावर ठेवल्या.

“आता बरं, की मघाशी?”

“सारखं—” तो म्हणाला आणि थांबला.

“दिसतं ते सांग.”

त्याने पाहिलं. तिच्या डोळ्यांखालच्या रेघा, कोटाचं वरचं बटण, बटणावर कोनाड्यातल्या दिव्याचा पिवळट उजेड, खांद्याला बॅग, पाठीमागे बंद दार. “तू बाहेर उभी आहेस,” तो म्हणाला. “बॅग घेऊन.”

“बरोबर,” ती म्हणाली. “किल्ली तुझ्याकडे आहे.”

त्याने शर्टाच्या खिशात हात घातला. पेन निघालं. मग पासाचा अर्धा तुकडा, मग किल्ली. ती बाजूला झाली, तो कुलपापाशी वाकला, आणि किल्ली भोकाच्या आजूबाजूला वाजत राहिली. मागे ती वाट पाहत उभी होती. कुणाची, हे आता विचारायची गरज नव्हती. तरी त्याने एकदा मागे वळून पाहून घेतलं.